कोपऱ्यातला टाका

गोऱ्यांच्या चादरीला निळा टाका,
आमच्या चादरीला तांबडा.
कोपऱ्यात, पेराहून लहान.
झोपणाऱ्याला कधी दिसायचा नाही.
तो होता धुणाऱ्यांसाठी,
म्हणजे माझ्यासाठी.

एकोणीस वर्षं टॅलोवा काउंटीच्या इस्पितळात
तळघरात बसून मी दोन ढीग केले.
निळ्यांचं यंत्र खिडकीशी,
तांबड्यांचं बॉयलरमागे.
रक्त दोन्हींवर सारखंच वाळायचं,
आणि गार पाण्याशिवाय
दोन्हींतूनही निघायचं नाही.

बावन्न साली बॉयलरमागचं यंत्र बंद पडलं.
नऊ दिवस मी सगळं एकाच यंत्रात घातलं.
कुणाला विटाळ झाला नाही, कुणी मेलं नाही.
म्हणजे, नेहमीएवढेच मेले.
हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

मग सहासष्ट साली वॉशिंग्टनहून कागद आला:
म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचे सरकारी पैसे हवे असतील
तर दार एक, वॉर्ड एक.
प्रुइट साहेबांनी सही करून टाकली.
सहीला काय लागतं? शाई.

तपासनीस गुरुवारी येणार होता.
बुधवारी रात्री रॉस्कोनं आणि आणखी दोघांनी
मागच्या वॉर्डातल्या चार खाटा
तिसऱ्या मजल्यावर ढकलत नेल्या.
मिस्टर टोलिव्हर, मांडी मोडलेले, ऐंशी पार,
त्यांना खिडकीपाशी ठेवलं.
ते म्हणाले, "मी काय केलं?"

तपासनीस पोरगाच होता,
पेन्शन कचेरीतून उसना आणलेला.
चार काळी डोकी मोजली,
कागदावर चार खुणा केल्या,
साहेबांच्या टेबलावर पीचची पाय खाल्ली.
शुक्रवारी नाश्त्याच्या आत
चारही खाटा खाली.

पण खाटा हलवताना
चादरी मात्र आमच्याच ठेवल्या होत्या.
सोंगातही निळी चादर द्यायला
मन झालं नव्हतं कुणाचं.
तिसऱ्या मजल्याच्या धुण्यात त्या दिवशी
चार तांबडे टाके खाली आले,
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

मी फोन केला बीझलींच्या अंत्यविधीच्या दुकानातून.
त्या तारेवर टेलिफोनवाली कान लावत नसे,
मेलेल्यांचं बोलणं कोण ऐकतंय.
म्हटलं, खाटा मोजू नका, साहेब.
चादरी मोजा.

मंगळवारी तो न सांगता आला,
कोळशाच्या दारानं, थेट तळघरात.
गुडघ्यांवर बसला आणि एकेक कोपरा उलटून पाहू लागला,
बाजारात कापड पाहावं तसा.
खूप वेळ पाहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.
मग विचारलं, "फोन कुणी केला होता?"
मी म्हटलं, यंत्रांचा आवाज फार आहे इथे,
काही ऐकू येत नाही.

सात आठवडे पैसे अडले.
आठव्या आठवड्यात भिंतीवरच्या पाट्या निघाल्या,
खाली फिकट चौकोन राहिले.
काही गोऱ्या बायका चाळीस मैलांवरच्या खाजगी दवाखान्यात गेल्या.
रॉस्कोची नोकरी गेली, संशयावरून.
त्यानं काहीच केलं नव्हतं, आणि मी
तोंड उघडलं नाही.
मिस्टर टोलिव्हर जुलैमध्ये वारले,
मागच्याच वॉर्डात, पाट्या निघायच्या आधी दहा दिवस.

मेट्रननं मला कात्री दिली.
अकराशे चादरी, निळे-तांबडे सगळे टाके उसवायचे.
उजेडात धरलं की
भोकं दिसायची, चार-चार, बारीक.

आता गुडघ्यासाठी मीच इथे आहे,
तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी.
चादरी नव्या, कोऱ्या, कारखान्यातून घडी होऊन आलेल्या.
रात्री अंगठा आपसूक कोपऱ्याकडे जातो.
"काय शोधताय, मिसेस लॅटिमोर?"
पोरगी गोरी आहे, वीस-बावीसची,
हातात तापमापक.
काही नाही गं, म्हटलं,
शिवण बघत होते.